अभ्यासपाठ : हा मेसेज आला कुठून?



या वेळचा अभ्यासपाठ बचतीवर नाही आणि कर्जावरही नाही. तो आपल्या मोबाईलवर आहे. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्या तायांसाठी तर तो जास्तच कामाचा आहे, का ते पुढे येईलच. साथीच्या काळात खोटी माहिती कशी पसरते, त्यात नुकसान कोणाचं होतं आणि गटाच्या बैठकीत बसून आपण काय करू शकतो, एवढंच बघायचं आहे. एका बैठकीत सगळा वाचून होणार नाही, घाई करू नका. वाचणाऱ्या ताईने मोठ्याने वाचावं, मध्ये थांबावं, बायकांना बोलू द्यावं. जिथे मराठीपेक्षा पावरी, भिली, मावची किंवा अहिराणी जास्त चालते तिथे त्याच भाषेत सांगावं. पुस्तकी मराठीत सांगितलेली गोष्ट घरापर्यंत पोचत नाही, हा माझा फिल्डवरचा अनुभव आहे.

सुरुवात कोंबडीपासून करू.

नवापूरची कोंबडी

आपल्या जिल्ह्यातलं नवापूर पोल्ट्रीसाठी दूरदूर माहीत आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो याच नवापूरला. १८ फेब्रुवारीला सरकारने ते जाहीर केलं. अंगभर पांढरे कपडे, तोंडाला मास्क लावलेली पथकं आली आणि लाखो कोंबड्या मारून खड्ड्यात पुरल्या. तो आजार खरा होता. मात्र माणसांचे नमुने तपासले तेव्हा एकालाही लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही. ज्या ताया तेव्हा मोठ्या होत्या त्यांना ते दिवस नक्की आठवत असतील. आजूबाजूच्या गावांत कोंबडीचं नाव काढलं तरी लोक दचकायचे.

आता २०२० चा जानेवारी-फेब्रुवारी आठवा. कोरोना अजून चीनच्या बातम्यांत होता, आपल्या राज्यात एकही पेशंट नव्हता. तेवढ्यात मोबाईलवर फोटो फिरायला लागले. आजारी, अंगावर फोड आलेली कोंबडी आणि खाली लिहिलेलं, ‘ब्रॉयलर कोंबडीत कोरोना सापडला, खाऊ नका, सगळ्यांना पाठवा.’ खरं म्हणजे कोरोना माणसापासून माणसाला होत होता, खोकला-शिंकेतून, जवळून बोलण्यातून. कोंबडीचं मांस शिजवून खाल्ल्याने कोरोना होतो याला काडीचा आधार नव्हता. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने तसं जाहीर केलं, सायबर पोलिसांकडे तक्रारही केली. शेजारच्या तेलंगणात तर मंत्री लोकांनी हैदराबादेत स्टेजवर उभं राहून चिकन खाऊन दाखवलं.

पण मेसेज पुढे निघून गेला होता. होळीच्या तोंडावर, जेव्हा आपल्याकडे कोंबडीला सगळ्यात जास्त मागणी असते, तेव्हाच भाव कोसळले. एक किलो कोंबडी वाढवायला जेवढा खर्च येतो त्याच्या निम्म्यानेही कोणी घेईना. खाद्य तर रोज घालावंच लागतं. बेळगाव जिल्ह्यात एका पोल्ट्रीवाल्याने हजारो कोंबड्या जिवंत खड्ड्यात पुरल्या, त्याचाही व्हिडिओ फिरला, आणि तो बघून लोकांना वाटलं की बघा, कोंबडीत काहीतरी आहे म्हणूनच पुरताहेत! त्याने पुरल्या होत्या भाव मिळत नव्हता म्हणून.

यात बुडालं कोण? मेसेज बनवणारा बुडाला नाही. पोल्ट्रीत रोजाने जाणारी बाई बुडाली. कोंबडीच्या खाद्यासाठी मका विकणारा शेतकरी बुडाला. कर्ज काढून शेड बांधलेल्या घराचा हप्ता थांबला नाही. आणि लॉकडाऊन लागायच्या आधीच हे सगळं होऊन गेलं होतं.

इथे एक थांबा घ्या आणि गटात विचारा: लोकांनी यावर विश्वास का ठेवला? मला जे उत्तर दिसतं ते असं. आपल्याकडच्या लोकांनी २००६ मध्ये कोंबड्या पुरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे मेसेज खोटा होता, पण तो एका खऱ्या आठवणीला टेकून उभा होता. म्हणून ‘लोक अडाणी आहेत, काहीही मानतात’ असं जे साहेब लोक म्हणतात ते मला पटत नाही. लोकांनी अनुभवावरूनच अंदाज बांधला होता. फक्त बर्ड फ्लू वेगळा आणि कोरोना वेगळा, हे वेळेवर समजावून सांगणारं जवळचं माणूस नव्हतं.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू आला आणि पुन्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. म्हणजे एका वर्षी खोटी बात आणि दुसऱ्या वर्षी खरी साथ. म्हणून ‘मोबाईलवरचं सगळंच खोटं’ असं म्हणूनही चालत नाही. बर्ड फ्लूच्या काळात मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं, मांस आणि अंडी पूर्ण शिजवून खावीत. हे खरं आहे आणि पाळायचंच आहे. ७० अंशांच्या वर नीट शिजलं की तो विषाणू मरतो. आपली कोंबडीची भाजी तर चुलीवर रटरटा उकळते.

पावती नसलेली बात

गटात आपण दहा रुपयेसुद्धा नोंदीशिवाय घेत नाही. कोणी दिले, कधी दिले, वहीत लिहितो, सही नाहीतर अंगठा घेतो. वही जुळली नाही तर बैठक उठत नाही. मग जी बात ऐकून आपण मुलाला सुई द्यायची का नाही ते ठरवतो, त्या बातेची पावती आपण कधी मागतो का?

व्हॉट्सॲपवर पावतीसारखी एक खूण असते. दुसरीकडून आलेला मेसेज पुढे पाठवला की त्यावर एक वाकडा बाण दिसतो. पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलेला असेल तर दोन बाण दिसतात. दोन बाण दिसले तर समजायचं, पाठवणाऱ्याने हे स्वतः लिहिलेलं नाही, आणि त्याला ज्याने पाठवलं त्यानेही नाही.

हा बाण आला कसा, ते आपल्या शेजारच्या जिल्ह्याशी जोडलेलं आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजाराचा दिवस होता. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. त्या महिन्यात ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे, किडन्या काढतात’ असे मेसेज आणि व्हिडिओ सगळीकडे फिरत होते. त्यातला देशभर गाजलेला एक व्हिडिओ तर पाकिस्तानात कराचीला लहान मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात होती. शेवटचा खुलाशाचा भाग कापून तो पुढे ढकलला होता. राईनपाड्यात त्या पाच जणांवर संशय आला, जमाव जमला, आणि पाचही जणांना मारून टाकलं. ते मुलं पळवायला आलेले नव्हते.

त्या वर्षी देशात अशा बऱ्याच घटना झाल्या. सरकारने कंपनीला जाब विचारला. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने फॉरवर्डची खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कोरोनात, एप्रिल २०२० मध्ये, दोन बाणवाला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. तुमच्या मोबाईलमध्ये जी अडचण वाटते ना, ‘जास्त जणांना जात का नाही’, तिच्यामागे हे आहे.

पण बाण पुसलाही जातो. मजकूर कॉपी करून परत टाकला, स्टेटसला लावला, की खूण गेली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी कंपनीला कधी सुचणार नाही. धडगाव, मोलगीकडच्या कितीतरी पाड्यांवर घरात एकच मोठा फोन असतो आणि तो नवऱ्याकडे नाहीतर पोराकडे असतो. रेंज मिळते ती डोंगराच्या टेकाडावर किंवा बाजाराला गेल्यावर. तिथे मेसेज उतरतात. संध्याकाळी पोरगा घरी येऊन सांगतो, ‘आई, असं असं आहे म्हणे.’ सकाळी आई हातपंपावर सांगते. आता यात बाण कुठे आहे? बाईपर्यंत बात पोचते तेव्हा ती पोराच्या तोंडून पोचते, म्हणून ती खरीच वाटते. पोरावर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर ठेवायचा? म्हणूनच वर म्हटलं, ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांना हा पाठ जास्त लागू आहे.

अशा वेळी बाणाचं काम आपल्यालाच तोंडाने करावं लागतं. ‘तुला कोणी सांगितलं? त्याने पाहिलं की ऐकलं? कोणत्या गावचं? कधीचं?’ दोन-तीन पायऱ्या मागे गेलं की बहुतेक वेळा बात हवेत लटकते. ‘कोणीतरी टाकलं होतं’ इथे येऊन थांबते. वहीत ‘कोणीतरी पैसे दिले’ अशी नोंद आपण करू का?

लसीच्या वेळचं

१६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं. आधी आरोग्य कर्मचारी, १ मार्चपासून ६० च्या पुढचे आणि जुनाट आजार असलेले ४५ च्या पुढचे, १ एप्रिलपासून सगळेच ४५ च्या पुढचे, आणि १ मेपासून १८ च्या पुढचे. आपल्या जिल्ह्यात सुरुवातीला पाड्यांवर लोक लस घ्यायला तयार नव्हते. पथक येणार म्हटल्यावर घराला कडी लावून शेतात, जंगलात निघून जायचे. तेव्हा मी कॉलेजात होते, नंतर फिल्डवर आल्यावर तायांकडून हे ऐकलं. एका आजीने मला सांगितलं, ‘आम्ही सुईला नाही घाबरलो, सुईनंतर मरतात म्हणून घाबरलो.’

यातल्या काही बाता एकेक करून बघू. सगळ्या सारख्या नव्हत्या.

पहिली, ‘लस घेणारा दोन वर्षांत मरणार.’ फ्रान्सच्या नोबेल मिळालेल्या एका शास्त्रज्ञाच्या नावाने मे २०२१ मध्ये हे फिरलं. त्या शास्त्रज्ञाने लसीकरणावर टीका केली होती हे खरं, पण सगळे दोन वर्षांत मरतील असं तो बोललाच नव्हता. केंद्र सरकारच्या फॅक्ट चेक विभागाने तेव्हाच हे खोटं म्हणून सांगितलं. आता हिशोब आपणच करू. २०२१ आणि दोन, २०२३. आपण बैठकीला बसलेल्या आहोत.

दुसरी, ‘अंगाला लोहचुंबक लागतं.’ जून २०२१ मध्ये नाशिकच्या एका गृहस्थाच्या अंगाला चमचे, नाणी चिकटतात असा व्हिडिओ टीव्हीवरसुद्धा आला. लसीचा डोस असतो अर्धा मिलिलिटर, म्हणजे थोडेच थेंब, आणि त्यात लोखंड नसतं. घामट, तेलकट अंगाला गुळगुळीत वस्तू तशीही चिकटते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी सांगितलं की अंगाला पावडर लावा आणि मग बघा. करून बघण्यासारखं आहे, पोरांनाही मजा येते.

तिसरी बात खास आपल्यासाठी होती, आणि तिच्यावर थोडं जास्त बोलू. एप्रिल २०२१ मध्ये, १८ वर्षांवरच्यांचं लसीकरण सुरू व्हायच्या तोंडावर, मुली-बायकांच्या ग्रुपवर मेसेज आला: पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नका, त्या काळात प्रतिकारशक्ती कमी असते. शिकलेल्या मुलींनीही तो काळजीपोटी पुढे पाठवला. विचार करा, पाळीचे दिवस धरले तर महिन्यातले पंधरा दिवस गेले. पाड्यावर लसीची गाडी महिन्यातून एखाद्या वेळी येणार. म्हणजे कितीतरी बायकांचा नंबर नुसता या मेसेजने हुकणार. २४ एप्रिलला सरकारने जाहीर केलं की हे खोटं आहे, पाळीत लस घेता येते.

इथपर्यंत सोपं आहे. पण बायका विचारत होत्या, ‘लस घेतल्यावर माझी पाळी पुढे गेली, असं का?’ त्यांना उत्तर मिळत होतं, ‘काही नाही, तुमच्या मनाचे खेळ.’ पुढे जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या हजारो बायकांच्या नोंदी घेऊन केलेला अभ्यास छापून आला. लसीनंतर पाळी साधारण एखाद दिवसाने पुढे जाऊ शकते आणि पुढच्या महिन्यांत परत जागेवर येते, असं त्यात दिसलं. म्हणजे मेसेज खोटा होता, पण बायकांचा प्रश्न खोटा नव्हता. प्रश्नाला नीट उत्तर दिलं नाही की ती रिकामी जागा मेसेज भरून काढतो. मला तर वाटतं, साथीत अफवेने जेवढं नुकसान केलं त्यातलं निम्मं या ‘काही नाही, गप्प बसा’ने केलं.

लसीचा धोका अजिबातच नव्हता असंही नाही. ताप, अंगदुखी, हात दुखणं तर सर्रास होतं. कोविशील्ड लसीनंतर रक्तात गुठळ्या होण्याचे प्रकार फार थोडे पण खरे होते. मे २०२१ मध्ये केंद्राच्या समितीने ते प्रमाण सांगितलं, दहा लाख डोसमागे एकापेक्षाही कमी. हे आधीच मोकळेपणी सांगितलं असतं तर ताप आलेल्या माणसाला बघून गाव घाबरलं नसतं.

आता ‘लस घेतली आणि आजोबा वारले’ हे घ्या. प्रत्येक गावात असं एखादं उदाहरण होतं, आणि घरच्यांचं दुःख खरं होतं. पण बघा, लस सगळ्यात आधी कोणाला दिली? साठीच्या पुढच्यांना, आणि शुगर, बीपी, हृदयाचा त्रास असणाऱ्यांना. हीच माणसं त्या वर्षी नाहीतरी जास्त दगावत होती, आणि एप्रिल-मे मध्ये तर कोरोनाची दुसरी लाट जोरात होती. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला काही आठवडे जातात, त्यामुळे लागण आधीच झाली असेल तर लस वाचवू शकत नाही. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नसतं. पाऊस पडायच्या आधी मुंग्या अंडी घेऊन निघतात म्हणून मुंग्यांनी पाऊस पाडला असं आपण म्हणत नाही.

आणखी एका गोष्टीने गोंधळ वाढवला. दोन डोसमध्ये आधी २८ दिवसांचं अंतर सांगितलं, मार्चमध्ये कोविशील्डसाठी सहा ते आठ आठवडे केलं, मे मध्ये बारा ते सोळा आठवडे. लोक म्हणाले, ‘यांनाच काही माहीत नाही.’ नवीन आजारात नवी माहिती येते तसं सांगणं बदलतं, त्यात लबाडी असतेच असं नाही. पण का बदललं ते लोकांना समजेल असं कोणी सांगितलं नाही. वरून नोंदणी मोबाईलवर, ओटीपी पाहिजे, आणि सुरुवातीला सगळं इंग्रजीत. टेकाडावर चढून ओटीपीची वाट बघणाऱ्या माणसाला सरकारचं खरं आणि मेसेजचं खोटं वाटायला पाहिजे, असा आग्रह आपण कोणत्या तोंडाने धरायचा?

मोबाईल नव्हता तेव्हा

खोटी बात मोबाईलने जन्माला घातली असं समजू नका. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. तेव्हा अफवा होती की इस्पितळात नेलेल्या माणसाला मारून त्याच्या अंगातून औषधाचं तेल काढतात. त्याला ‘मोमियाई’ म्हणायचे. ऑक्टोबर महिन्यात जवळपास हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्या काळात सरकारी माणसं घरात घुसून आजाऱ्याला उचलून न्यायची, बायकांची तपासणीही जबरदस्तीने व्हायची. अशा सरकारच्या इस्पितळाबद्दल लोक चांगलं काय बोलणार?

त्याच प्लेगात, १८९७ मध्ये, पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आजाऱ्यांची सेवा करत होत्या. प्लेग झालेल्या एका मुलाला उचलून दवाखान्यात नेताना त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. सावित्रीबाईंनी नेलं म्हटल्यावर पेशंटच्या घरचे ‘तेल काढतील’ म्हणून पळाले असते का? माणूस ओळखीचं आणि विश्वासाचं असलं की बराच फरक पडतो.

आपल्या जिल्ह्यातही तेच दिसलं. २०२० मध्ये लागणीच्या भीतीने नर्मदाकाठच्या बायका अंगणवाडीत येईनात, तर तिथल्या एका अंगणवाडी सेविकेने स्वतः होडी वल्हवत पाड्यापाड्यावर जाऊन गरोदर बायका आणि बाळांची तपासणी चालू ठेवली. लसीच्या वेळी जिल्हा प्रशासनाने शिक्षक, आशा, अंगणवाडी ताया यांना घरोघर पाठवलं, गाड्या पाड्यांपर्यंत नेल्या, आपल्या बोलीत समजावलं. आपले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः भिल्ल समाजातले. त्यांच्या काळात जिल्ह्यात ऑक्सिजनचे प्लांट उभे राहिले आणि एप्रिल २०२१ मध्ये मोठ्या शहरांत सिलिंडरसाठी रांगा लागल्या तेव्हा त्याचा उपयोग झाला. पत्रक वाचून नाही, तर आपल्या भाषेत बोलणारं माणूस दारात आल्यावर लोकांचं मन वळलं.

आज याचं काय?

कोरोना गेला, मग हा पाठ कशाला, असं कोणी म्हणेल. २०२२ च्या शेवटी मुंबई, भिवंडी, मालेगाव भागात गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली. त्यातल्या बऱ्याच मुलांना गोवराची लस मिळालेली नव्हती. काहींची कोरोनाच्या गडबडीत राहिली, काहींच्या घरच्यांना लसीचीच भीती होती. ‘सुईने पुढे मूल होत नाही’ ही बात पोलिओच्या डोसाच्या वेळीही होती, २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेतही होती आणि कोरोनाच्या लसीतही. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त झाला. त्याच्या आधीच्या वर्षांत ज्या मुलींना थेंब पाजले त्यातल्या कितीतरी आज आपल्या गटात आहेत, कडेवर लेकरू घेऊन.

आपल्या जिल्ह्यात सिकलसेलची तपासणी चालते, गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या देतात, शाळेत जंताच्या गोळ्या देतात. या प्रत्येक कामाच्या मागोमाग काहीतरी बात फिरतेच. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, हे खरं आहे आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळीने बाळ काळं होतं, हे खोटं आहे. हे दोन्ही एकाच श्वासात सांगितलं तर ताई गोळी खाते. नुसतं ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ म्हटलं तर ती घरी जाऊन गोळ्या फेकून देते.

बैठकीत करायचं काम

गटाच्या वहीत शेवटचं एक पान मोकळं ठेवा. वर लिहा: ऐकलेली बात. त्यात तारीख, काय ऐकलं, कोणाकडून ऐकलं, त्याने कोणाकडून ऐकलं, आपण कोणाला विचारलं आणि काय उत्तर मिळालं. विचारायचं असेल तर आशाताई आहेत, उपकेंद्राच्या नर्सताई आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आहेत. १०४ नंबरवर आरोग्याचा सल्ला फुकट मिळतो. उत्तर मिळालं नाही तर तसंच लिहा, ‘अजून कळलं नाही’. आणि तोवर ती बात कोणाला पुढे सांगू नका. भगतबाबांनाही बैठकीला बोलवा. पाड्यावर त्यांचा शब्द चालतो, त्यांना बाजूला ठेवून ही चर्चा अर्धीच राहील.

बात सांगणाऱ्या ताईवर हसायचं नाही, हा नियम अध्यक्षांनी आधीच सांगावा. हसलं की ती पुढच्या वेळी गटात सांगणार नाही, हातपंपावर सांगेल. ‘तू खोटं बोलतेस’ असं म्हणण्यापेक्षा ‘हे तुला कोणी सांगितलं, चल आपण विचारू’ असं म्हणा. घरात नवरा, दीर किंवा सासरे ग्रुपवर काही टाकत असतील तर चारचौघांत टोकू नका, बाजूला घेऊन बोला. मोठ्या माणसाला ग्रुपवर खोटं पाडलं की तो हट्टाला पेटतो आणि अजून दहा टाकतो.

ज्या ताया ग्रुप ॲडमिन आहेत त्यांना भीती वाटते की कोणी काही टाकलं तर पोलीस आपल्याला धरतील. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजला ॲडमिन आपोआप दोषी होत नाही, त्यात त्याचाही हात पाहिजे. पण आपत्तीच्या काळात लोकांना घाबरवणारी खोटी बात मुद्दाम पसरवली तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, असा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. तेव्हा ग्रुपवर आरोग्याचं काही आलं तर ॲडमिन ताईने एवढंच लिहावं, ‘हे कुठून आलं ते सांगा, तोवर पुढे पाठवू नका.’

पहिल्या बैठकीत सरावासाठी तीन बाता घ्या. एक, ‘बर्ड फ्लू आला की अंडं खाऊच नये.’ दोन, ‘सिकलसेलची तपासणी म्हणजे रक्त काढून विकतात.’ तीन, तुमच्या स्वतःच्या गावात या महिन्यात फिरलेली कुठलीही. प्रत्येकीचा माग दोन पायऱ्या मागे न्या आणि पानावर लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मुलीला बसवा, तिलाही सवय लागेल. ते पान पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला घेऊन या. ज्या बातांना गावात उत्तर मिळालं नाही त्यांची यादी करून आम्ही आरोग्य केंद्रात देऊ आणि मिळालेली उत्तरं पुढच्या अंकात छापू.